तिथी आणि तारीख: एफपीजीएवर स्पाइकिंग न्यूरल नेटवर्क बसवताना

न्यूरॉन लिहून झाला तो एका बैठकीत. व्हेरिलॉगच्या, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन लिहायच्या भाषेच्या, जेमतेम वीसेक ओळी: आलेलं वेट (त्या जोडणीचं वजन) पोटेन्शियलमध्ये (न्यूरॉनमध्ये साठलेल्या आकड्यात) मिळवा, थोडी गळती वजा करा, थ्रेशोल्ड, म्हणजे ठरलेली हद्द, ओलांडला तर एक स्पाइक (क्षणिक इशारा) सोडा आणि थ्रेशोल्डएवढं वजा करून पुढे चला. सिम्युलेशनमध्ये एकटा न्यूरॉन अगदी शहाण्यासारखा वागत होता. मग त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार कशात गेले, असं घरच्यांनी विचारलं तर खरं उत्तर एवढंच, की 'आत्ता' म्हणजे नेमकं कधी हे ठरवण्यात गेले.

मी पुण्यात एम्बेडेड क्षेत्रात नोकरी करतो. दिवसभर मायक्रोकंट्रोलर आणि मोटर ड्राइव्ह, त्यामुळे न्यूरल नेटवर्कशी संबंध वाचण्यापुरताच. आयबीएमची ट्रूनॉर्थ चिप २०१४ साली आली तेव्हा तिच्यात दहा लाख न्यूरॉन आहेत आणि ती साधारण ७० मिलीवॉटवर चालते, हे वाचून डोक्यात किडा शिरला होता. तसली चिप आपल्या हाती लागणार नाही हे उघड होतं. पण एफपीजीए म्हणजे हवी तशी जोडता येणारी कोरी चिप, आणि माझ्याकडे बेसिस ३ होता. कॉलेजच्या लॅबमध्ये ज्यावर काउंटर आणि ट्रॅफिक सिग्नलचे प्रयोग उरकले जातात, तोच बोर्ड. त्यावर हाताने लिहिलेले अंक ओळखणारं स्पाइकिंग नेटवर्क चालवायचं ठरवलं. अंक ओळखणं जुनंच काम आहे, आणि मला ते जुनंच हवं होतं. उत्तर काय यायला हवं हे आधी माहीत असलं की चूक शोधता येते.

नेहमीच्या न्यूरल नेटवर्कमध्ये एका थरातून दुसऱ्या थरात आकडे जातात आणि प्रत्येक आकड्याचा वेटशी गुणाकार होतो. इथे आकडे जातच नाहीत. जातो तो फक्त स्पाइक, म्हणजे आला किंवा नाही आला. जे काही सांगायचं ते कधी आला आणि किती वेळा आला यातून. 'साठवत जा, हद्द ओलांडली की उडव' हे न्यूरॉनचं मॉडेल लापिक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडलं, आणि त्यात गळती धरून आजही तेच वापरतात. हार्डवेअरवाल्याला यातली गंमत लगेच दिसते: स्पाइक शून्य किंवा एक असल्यामुळे गुणाकार लागतच नाही. स्पाइक आला तर वेट मिळवा, नाही आला तर काही करू नका. माझ्या चिपमध्ये गुणाकारासाठी ९० डीएसपी ब्लॉक आहेत, आणि अख्ख्या डिझाइनमध्ये त्यातला एकही वापरला नाही. गळतीसाठीही नाही, कारण ट्रेनिंग करतानाच ती सोळाव्या हिश्शाची ठेवली. म्हणजे पोटेन्शियल चार बिट उजवीकडे सरकवायचं आणि मूळ आकड्यातून वजा करायचं, काम झालं.

खरी अडचण मेमरीची. चित्र २८ × २८ चं, म्हणजे ७८४ पिक्सेल. मधल्या थरात १२८ न्यूरॉन, शेवटी १०. एकूण वेट्स १,०१,६३२. पायथॉनमध्ये त्यांना प्रत्येकी ३२ बिट मिळतात, म्हणजे साडेबत्तीस लाख बिट. माझ्या चिपमध्ये, आर्टिक्स-७ मधल्या ३५टी मध्ये, ३६ किलोबिटांच्या ५० ब्लॉक रॅम, म्हणजे मेमरीचे तयार ठोकळे, आहेत, सगळ्या मिळून अठरा लाख बिटांच्या आसपास. वेट्स १६ बिटांचे केले तर बेरजेत बसतात, पण घडणीत बसत नाहीत. एक इनपुट स्पाइक आला की त्याचे १२८ वेट्स क्लॉकच्या एकाच ठोक्यात मला हवे होते. ७८४ ओळी म्हटल्यावर प्रत्येक ब्लॉक रॅम १०२४ ओळी आणि ३६ बिट रुंदी अशी लावावी लागते. १६ बिटांचे दोनच वेट्स एका रॅममध्ये मावतात, म्हणजे ६४ रॅम हव्यात, आणि आहेत ५०.

८ बिट केले की चार वेट्स मावतात आणि ३२ रॅममध्ये पहिला थर संपतो. पण चार आठे बत्तीस, आणि रुंदी तर ३६ आहे. ते वरचे चार बिट पॅरिटीसाठी, म्हणजे चूक पकडण्यासाठी, दिलेले असतात, पण पॅरिटी वापरायची सक्ती कुणी केलेली नाही. तेव्हा वेट्स ९ बिटांचे केले. एक बिट फुकटात पदरात पडला. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त आनंद या एका बिटाने दिला असेल. शेवटच्या थराचे १,२८० वेट्स किरकोळ, ते एलयूटीमध्येच, म्हणजे चिपमधल्या लॉजिकच्या छोट्या तक्त्यांमध्येच, टाकले.

इथे एक ठेच लागू शकते म्हणून सांगतो. रॅम वाचण्याचा कोड क्लॉकशी बांधला नाही, नुसता पत्ता दिला की लगेच डेटा असा लिहिला, तर व्हिवाडो, म्हणजे कोडवरून चिपची जोडणी ठरवणारं सॉफ्टवेअर, त्याची ब्लॉक रॅम बनवतच नाही. तो एलयूटीमधली विखुरलेली रॅम शोधायला जातो. ती या चिपमध्ये फार तर ४०० किलोबिट आहे, आणि माझ्या वेट्सना त्याच्या दुपटीहून जास्त लागते. मग सिंथेसिस, म्हणजे कोडचं सर्किट बनवणं, खूप वेळ चालतं आणि जागा नाही म्हणून सांगतं.

आता त्या 'आत्ता'कडे येतो. मॉडेलमध्ये काळ टाइमस्टेपने मोजला जातो. माझ्याकडे प्रत्येक चित्रासाठी २५ टाइमस्टेप होत्या. बोर्डावर काळ क्लॉकने मोजला जातो, सेकंदाला दहा कोटी ठोके. या दोन्हींचा संबंध तिथी आणि तारखेसारखा आहे. तारीख बरोबर चोवीस तासांची. तिथी कधी एकोणीस-वीस तासांत आटोपते, कधी सव्वीसपर्यंत लांबते. माझी टाइमस्टेपही तशीच. ७८४ पिक्सेल एकेक करून बघायचे, ज्याचा स्पाइक निघेल त्याचे वेट्स मिळवायचे, मग मधल्या थरातले जेवढे न्यूरॉन उडाले तेवढ्यांचे वेट्स पुढच्या थरात मिळवायचे. शांत स्टेप ७९० ठोक्यांत संपते, गजबजलेली साडेआठशेपर्यंत जाते. मॉडेलच्या दृष्टीने दोन्ही एकसारख्याच.

यातून पहिला प्रश्न हा, की थ्रेशोल्ड ओलांडला का हे बघायचं कधी? प्रत्येक स्पाइकनंतर बघितलं, तर न्यूरॉन स्टेपच्या मध्येच उडतो, आणि त्याच स्टेपमध्ये पुढे येणाऱ्या ऋण वेट्सना त्याला अडवायची संधीच मिळत नाही. कोण आधी आलं याला महत्त्व येतं, आणि कोण आधी हे तर निव्वळ पिक्सेलच्या क्रमांकावर ठरतं. चित्राच्या वरच्या ओळींचं मत जास्त चालायचं आणि खालच्या ओळी उशिरा पोचायच्या, असला प्रकार. म्हणून तपासणी स्टेपच्या शेवटी एकदाच ठेवली.

तरी पायथॉनमधलं उत्तर आणि बोर्डावरचं उत्तर जुळेना. आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, आयुष्य चिप व्हेरिफिकेशनमध्ये गेलेलं, सगळे त्यांना काका म्हणतात. डबा खाताना विषय काढला.

"काका, बोर्डाची अचूकता पायथॉनपेक्षा कमी येतेय. वेट्सचे बिट कमी केल्यामुळे असेल ना?"

"असेलही. पण टक्केवारी बाजूला ठेव. पहिला कुठला आकडा वेगळा येतो, ते सांग."

"पहिला म्हणजे?"

"कुठलं चित्र, कितवी स्टेप, कुठला न्यूरॉन. ते माहीत नसताना कारण कसलं शोधतोयस?"

मग पायथॉनमध्ये पूर्णांकांचं वेगळं मॉडेल लिहिलं, जे बोर्डाशी बिट-न्-बिट जुळायला हवं. दोन्हीकडून प्रत्येक स्टेपनंतरची १२८ पोटेन्शियल्स फाइलमध्ये काढली आणि शेजारी-शेजारी लावली. पहिला फरक सापडला तो एका न्यूरॉनच्या पहिल्या स्पाइकच्या लगेच पुढच्या स्टेपमध्ये. ट्रेनिंगसाठी मी एसएनएनटॉर्च ही पायथॉनची लायब्ररी वापरत होतो. त्यात स्पाइकनंतरची वजाबाकी पुढच्या स्टेपमध्ये होते: आधी जुन्या पोटेन्शियलची गळती, मग पूर्ण थ्रेशोल्ड वजा. बोर्डावर वजाबाकी त्याच स्टेपमध्ये उरकली जायची आणि गळती नंतर व्हायची, त्यामुळे वजा केलेल्या थ्रेशोल्डमधूनही सोळावा हिस्सा गळून जायचा. दर स्पाइकमागे न्यूरॉनला थ्रेशोल्डचा सोळावा भाग बक्षीस. ज्यांचं उडणं चालू आहे ते आणखी जोरात उडणार. उपाय स्वस्त निघाला. प्रत्येक न्यूरॉनजवळ 'मागच्या स्टेपला उडाला होतास का' असा एक बिट ठेवला.

पुढचा फरक आणखी चिल्लर. एसएनएनटॉर्च म्हणतं, थ्रेशोल्डपेक्षा जास्त हवं. मी लिहिलं होतं, जास्त किंवा तेवढंच. दशांशांच्या दुनियेत दोन आकडे अगदी सारखे येणं विरळा. पूर्णांकांमध्ये ते रोजचंच.

गळतीच्या त्या सरकवण्यातही गोम आहे. उजवीकडे चार बिट सरकवणं म्हणजे सोळाने भागून खालच्या पूर्णांकावर येणं. पोटेन्शियल १५ किंवा त्याहून कमी असेल तर भागाकार शून्य, म्हणजे गळती बंद. ऋण बाजूला मात्र उणे एकचाही भागाकार उणे एक येतो, त्यामुळे ते बरोबर शून्यावर येऊन थांबतं. धन आकडे १५ वर अडकतात, ऋण आकडे शून्यावर पोचतात. माझा थ्रेशोल्ड तेव्हा २५६ होता, म्हणजे काही न करता न्यूरॉन सहा टक्के भरलेला राहायचा. मग सगळंच सोळा पटीने मोठं केलं: थ्रेशोल्ड ४,०९६ आणि वेट्स मिळवताना चार बिट डावीकडे. अडकणारे १५ तसेच राहिले, पण आता त्यांना कोण विचारतो.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. पोटेन्शियल १६ बिटांचं, म्हणजे ३२,७६७ पर्यंत. आता ती हद्द थ्रेशोल्डच्या फक्त आठ पट होती. ट्रेनिंगमध्ये काही न्यूरॉन असे तयार होतात, की ठराविक अंक दिसला की त्यांच्यावर ऋण वेट्सचा मारा सुरू होतो. असा एक न्यूरॉन मी आयएलएवर, म्हणजे चिपच्या आतच बसवायच्या लॉजिक अ‍ॅनालायझरवर, पाहत होतो. आकडा खाली खाली चालला होता: उणे तीस हजार, उणे एकतीस, उणे बत्तीस, आणि पुढच्या ठोक्याला एकदम धन बत्तीस हजार. स्टेप संपली आणि ज्या न्यूरॉनने सर्वांत गप्प बसायचं तोच उडाला. वेव्हफॉर्ममध्ये ती सरळ उभी रेघ दिसली तेव्हा बरेच दिवसांचे भुताटकीचे स्पाइक एका फटक्यात समजले. बेरीज टोकाला जाऊन थांबेल अशी केली. मात्र त्याबरोबर पायथॉनमधली एका झटक्यात होणारी मॅट्रिक्सची बेरीजही सोडावी लागली, कारण टोकाला थांबणाऱ्या बेरजेत क्रम बदलला की उत्तर बदलतं. तिथेही पिक्सेलच्या क्रमाने एकेक वेट मिळवत जावं लागतं. मॉडेल भयंकर हळू झालं, पण जुळलं. शेवटच्या बिटापर्यंत.

स्पाइक बनवण्याची पद्धत साधी होती. दर स्टेपला प्रत्येक पिक्सेलची तुलना एका यादृच्छिक संख्येशी करायची. पिक्सेल मोठा असेल तर स्पाइक. यादृच्छिक संख्येसाठी १६ बिटांचा एलएफएसआर, म्हणजे स्वतःलाच गुंडाळत सरकणारं रजिस्टर, जे ६५,५३५ ठोक्यांनी पुन्हा पहिल्या जागी येतं. ते दर पिक्सेलला एकच बिट सरकवलं तर पुढची संख्या म्हणजे जवळजवळ आधीच्या संख्येची दुप्पट होते. शेजारच्या पिक्सेलचे स्पाइक एकमेकांना धरून येतात आणि आलेखावर टिंबांचे झुबके दिसतात. दर पिक्सेलला आठ बिट सरकवले की झुबके जातात. हार्डवेअरमध्ये आठ वेळा सरकवणं म्हणजे काही एक्सॉर गेट जास्त, वेळ तेवढाच. सॉफ्टवेअरची सवय असलेल्याला हे पचायला जरा जड जातं.

टायमिंगने त्रास दिला तो अनपेक्षित ठिकाणी. मला वाटलं होतं एका स्पाइकचे १२८ अ‍ॅडरना जाणारे फाटे अडतील. अडलं भलतंच. मधल्या थरात कोण-कोण उडालं याच्या १२८ बिटांमधून सर्वांत खालचा एक शोधायचा असतो. त्यासाठी आकड्याचा त्याच्याच ऋण आकड्याशी अँड करायचा, ही सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती. लिहायला एक ओळ. पण ऋण करणं म्हणजे १२८ बिटांची हातच्याची साखळी, आणि त्यापुढे जागेचा क्रमांक काढणं, हे सगळं दहा नॅनोसेकंदांत. व्हिवाडोने स्लॅक, म्हणजे हातात उरणारा वेळ, ऋण दाखवला. आठ-आठचे सोळा गट केले, आधी गट शोधायचा, पुढच्या ठोक्याला त्यातला बिट, आणि प्रश्न मिटला.

मग एकदाचं सगळं चाललं, अचूकता ९५ टक्क्यांच्या पुढे गेली आणि मी दहा हजार चित्रांची पूर्ण चाचणी लावली. ती संपेचना. हिशेब केला तर हसू आलं. एका चित्राला बोर्डावर वीस हजार ठोके लागतात, म्हणजे ०.२ मिलीसेकंद. तेच चित्र लॅपटॉपवरून सीरियल पोर्टने १,१५,२०० बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) पाठवायला ६८ मिलीसेकंद. विचार करायला लागतो त्याच्या ३४० पट वेळ ऐकून घ्यायला. बॉड दहा लाख केला. दहा कोटींच्या क्लॉकला बरोबर शंभराने भागलं की तो मिळतो, त्यामुळे चूकही शून्य. अकरा मिनिटांची चाचणी दीड मिनिटाच्या आत आली. तरी पाठवणंच चाळीस पट राहिलं, पण तेवढ्यावर मी सोडून दिलं.

विजेबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. स्पाइक कमी म्हणून वीज कमी, असं म्हणतात. व्हिवाडोचा पॉवर रिपोर्ट काढला. पूर्ण काळं चित्र आणि भरगच्च चित्र यांच्यासाठी आकडा वेगळा यायला हवा ना? येणारच नाही, कारण त्याला चित्राचा पत्ताच नसतो. सिम्युलेशनमधून हालचालीची फाइल दिली नाही, तर तो सिग्नल १२.५ टक्के वेगाने हलतात असं धरून चालतो. तुमचं नेटवर्क झोपलेलं असो की नाचत असो. या आकड्यावर 'ऊर्जा-कार्यक्षम' असा शिक्का मारणं मला पटत नाही.

हालचालीची फाइल दिली तेव्हा दुसरीच गोष्ट उघडी पडली. काळं आणि भरगच्च यांच्यात फरक होता, पण फारच थोडा. कारण माझ्या ३२ ब्लॉक रॅम दर ठोक्याला वाचल्या जात होत्या. स्पाइक नसला तर वाचलेले वेट्स टाकून दिले जायचे, एवढंच. एमनिस्टच्या, म्हणजे मी वापरत असलेल्या हस्तलिखित अंकांच्या संचातल्या, चित्रांची सरासरी उजळता ०.१३०७ आहे, म्हणजे ७८४ मधून दर स्टेपला शंभराच्या आसपास स्पाइक. शंभरातली सत्त्याऐंशी वाचनं कचऱ्यात. रॅमची एनेबल तार कायमची एकला बांधलेली होती ती सोडवून स्पाइकला बांधली, आणि मग रॅमचा हिस्सा खरोखर खाली आला. स्पाइकची विरळता ही मॉडेलमध्ये असते; ती तारेपर्यंत पोचवली तरच विजेत दिसते. त्यातही चिपची नुसती चालू राहण्याची वीज आणि क्लॉकच्या जाळ्याची वीज जागच्या जागी राहते. ट्रूनॉर्थचे ७० मिलीवॉट त्या कामासाठीच घडवलेल्या सिलिकॉनचे आहेत. कॉलेजच्या बोर्डावर तसलं काही होईल अशी आशा धरू नये.

आता एन-एमनिस्ट या स्पाइकच्या रूपातल्या अंकसंचाच्या मागे आहे. पडद्यावरच्या त्याच अंकांसमोर इव्हेंट कॅमेरा (फक्त उजेडातला बदल टिपणारा) जरासा हलवून घेतलेल्या नोंदी, ३४ × ३४ पिक्सेल, उजळलं आणि मंदावलं असे दोन प्रकार. तिथे स्पाइक मी बनवायचे नाहीत. ते मायक्रोसेकंदांच्या वेळेसकट आयतेच मिळतात, त्यामुळे दर स्टेपला ७८४ दारं ठोठावणं बंद. टाइमस्टेपही नाही. मागच्या स्पाइकपासून किती वेळ गेला ते बघून तेवढी गळती एकदम लावायची. त्यासाठी तक्त्यातून गुणक काढून पोटेन्शियलला गुणायचं, म्हणजे इतके दिवस पडून असलेले डीएसपी अखेर कामाला लागणार. पण इनपुट २,३१२ झाले. १२८ न्यूरॉन ठेवले तर ९६ ब्लॉक रॅम लागतात. १४० रॅमचा झिंक-७०२० चा बोर्ड घ्यायचा, नाहीतर न्यूरॉन ६४ करायचे. ६४ ला रॅम ४८ लागतात आणि डीएसपी ६४, दोन्ही याच चिपमध्ये बसतात. फक्त मग आयएलएसाठी दोनच रॅम उरतात, आणि आयएलएशिवाय माझं पान हलत नाही. सध्या ६४ न्यूरॉनवर ट्रेनिंग लावून ठेवलं आहे.